गेटजवळचा वाफा: मे महिन्यात तगतील आणि जुलैत कुजणार नाहीत अशी झाडं

"फार बघावं लागणार नाही असं काहीतरी द्या," असं नर्सरीत सांगितलं की बहुतेक वेळा हातात अडेनियम, कोरफड किंवा एखादं सक्युलंट पडतं. कमी पाणी म्हणजे कमी काम, असा त्यामागचा हिशोब. कोरड्या देशांत तो बरोबर असेल. पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर या पट्ट्यात मात्र चार महिने आकाश गळतं आणि आठ महिने जमीन तडकते. मे महिन्यात खुशाल उभं असलेलं अडेनियम जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बुडाशी दाबलं की मऊ लागतं, कारण काळ्या मातीत पाणी साचून त्याचा कंद आतून सडलेला असतो. म्हणजे आपल्याकडे झाडाची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा कोरड्याची आणि एकदा ओल्याची. दोन्हींत पास होणारीच झाडं कमी कष्टांची.

ही यादी शोधायला पुस्तक लागत नाही. महामार्गाच्या दुभाजकावर उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर काय उभं राहतं ते बघा: कण्हेर, बोगनवेल, टेकोमा. जुन्या देवळाच्या आवारात बघा: तगर, चाफा, कोरांटी. रोज कोणीतरी फुलं तोडतं, पाणी कोणी घालतंच असं नाही, तरी ती वर्षानुवर्षं तिथंच असतात. मग आपल्याच गल्लीत मे महिन्यात संध्याकाळी एक चक्कर मारा आणि कुलूप लावलेल्या बंगल्यांच्या अंगणात काय हिरवं आहे ते टिपून घ्या.

उदाहरणासाठी एक नेहमीचा वाफा घेऊ. रो-हाउसचं गेट, आत शिरल्यावर कंपाउंड वॉलला लागून १५ फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा, तोंड पश्चिमेला. दुपारी एकपासून सहापर्यंत ऊन, शिवाय तापलेल्या भिंतीची धग रात्री आठपर्यंत. अशा वाफ्यात जे जगेल ते पूर्वेच्या वाफ्यातही जगेल. उलटं होईलच असं नाही.

आधी जमीन, मग नर्सरी

नव्या घराच्या अंगणात माती दिसते ती वरची चार बोटं. खाली राडारोडा असतो: विटांचे तुकडे, प्लास्टरचे खपले, सिमेंटची गाळवट, टाइल्स. त्याने मुळांना अडथळा होतोच, पण खरा त्रास चुन्याचा. आपली काळी माती मुळातच चुनखडीची आणि अल्कधर्मी. त्यात सिमेंट मिसळलं की झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एक्झोरा आणि अनंत यांची ही रड ठरलेली. लोक युरिया टाकतात, मग अजून टाकतात. पिवळेपणा जात नाही, कारण कमतरता नत्राची नसतेच. फेरस सल्फेट किंवा चिलेटेड लोहाच्या फवारणीने महिनाभर बरं दिसतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत तोच एक्झोरा कुणी विचारलं नाही तरी फुलत असतो. देशावरच्या वाफ्यात तो लावणं म्हणजे दर महिन्याचं काम अंगावर घेणं. मूठभर कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर ओतून बघा. फसफसलं तर चुना आहे, एक्झोऱ्याचा नाद सोडा.

दुसरी चाचणी निचऱ्याची. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा काढून पाण्याने भरा. पहिलं पाणी मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टीने मोजा. तासाला एक इंचापेक्षा कमी उतरत असेल तर निचरा वाईट आहे. त्यावर उपाय एकच, वाफा ६ ते ९ इंच उचलून घेणं. कडेला विटांचा एक-दोन थर रचा, पण दर तीन फुटांवर खाली एक सांधा सिमेंट न भरता मोकळा सोडा. नाहीतर वाफ्याचा हौद होतो आणि भिंतीला ओल धरते. वाफा घराच्या भिंतीला लागून असेल तर मातीची पातळी जोत्याच्या निदान ६ इंच खाली हवी. इथे हयगय केली तर बागेपेक्षा रंगकामाचा खर्च जास्त होतो.

आता मोजमाप. १५ × ४ फूट म्हणजे ६० चौरस फूट. दीड फूट खोल खणून राडारोडा काढायचा, म्हणजे ९० घनफूट. जवळजवळ एक ब्रास. सगळी माती बदलायची गरज नसते. चाळून निघालेली मूळ माती परत वापरा, कमी पडेल तेवढा पोयटा आणा. काळी माती फारच चिकट असेल तर तिच्यात चौथा हिस्सा बारीक मुरूम घाला. वरून दोन इंच कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, म्हणजे १० घनफूट, अंदाजे ४० किलोच्या चार गोण्या, आणि ३ किलो निंबोळी पेंड. हे वरच्या ८-९ इंचांत मिसळायचं. नुसती लाल माती भरणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. दिसायला छान असते, पण सेंद्रिय खत नसेल तर दोन उन्हाळ्यांत विटेसारखी घट्ट होते.

शेणखत ओलसर, वासाचं, शेणाचा रंग अजून टिकलेलं असेल तर घेऊ नका. त्यातून हुमणी येते. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या मुळं कुरतडतात आणि झाड पाणी असूनही सुकतं. गोणी उघडून हात घाला. खत भुसभुशीत, काळपट आणि थंड लागलं पाहिजे.

आणि लव्हाळा. बाहेरून आणलेल्या मातीबरोबर त्याच्या गाठी येतात आणि मग पुढची दहा वर्षं खुरपं हातातून सुटत नाही. म्हणून माती भरली की लगेच झाडं लावू नका. मे महिन्यात वाफा ओला करा, १५ ते २० दिवसांत जे उगवेल ते गाठीसकट खणून काढा. नुसतं उपटलं तर पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. मग पुन्हा पाणी, पुन्हा तेच. हे दोनदा केलं की पुढचं निम्मं काम वाचतं. उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून माती तापवण्याने बाकीचं तण बरंच मरतं, लव्हाळ्याच्या खोल गाठींना मात्र त्याचं फारसं काही वाटत नाही.

पूर्ण वाढ किती, हा एकच प्रश्न विचारा

नर्सरीत दीड फुटाचं दिसणारं झाड तीन वर्षांनी किती पसरेल, यावर तुमचं काम ठरतं. साधी तगर मोकळी सोडली तर ६ ते ८ फूट उंच आणि ५ फूट रुंद होते. ती दोन-दोन फुटांवर लावली की पहिल्या वर्षी वाफा भरलेला दिसतो, तिसऱ्या वर्षी कात्री आणि चौथ्या वर्षी करवत. छाटणी ही झाडाची गरज असते हा गैरसमज आहे. बहुतेक वेळा ती चुकलेल्या अंतराची भरपाई असते. सोनेरी ड्युरांटाचं कुंपण हे याचं टोकाचं उदाहरण. रोप स्वस्त, मरत नाही, आणि पावसाळ्यात दर १५-२० दिवसांनी कातरलं नाही तर विस्कटलेलं दिसतं. झाड चिवट आहे म्हणून काम कमी, असं समीकरण नाही.

आपल्या १५ फुटी वाफ्यात मागच्या ओळीला तीनच झाडं. भिंतीपासून दीड फूट पुढे, टोकापासून अडीच, साडेसात आणि साडेबारा फुटांवर. दोन बाजूंना तगर, मध्ये कण्हेर. पांढऱ्या-गुलाबीचा मेळ बरा दिसतो. डबल तगरीची फुलं मोठी असतात, पण सिंगल तगर जास्त काटक. पहाटे फिरायला येणारी मंडळी पिशवी घेऊन कंपाउंडवरून हात घालतातच, त्यांना पुरून उरेल एवढी फुलं तगर देते. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. महागडा कलमी जास्वंद दर्शनी वाफ्यात लावून रोज सकाळी चिडण्यापेक्षा हे बरं.

कण्हेरीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पान, फूल, खोड, चीक, सगळं विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं. बिट्टीचंही तसंच, तिच्या बिया तर जास्तच घातक. घरात वस्तू तोंडात घालणारं लहान मूल असेल, किंवा छाटलेल्या फांद्या गाई-शेळ्यांपुढे पडण्याची शक्यता असेल, तर लावू नका. छाटताना हातमोजे घाला आणि फांद्या जाळू नका, त्यांचा धूरही त्रासदायक असतो. याच विषामुळे शेळ्या उभ्या, हिरव्या कण्हेरीला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या अंगणात ती टिकते. नको असेल तर तिच्या जागी हमेलिया. शेंदरी नळीसारखी फुलं, दिवसभर शिंजीर पक्षी, उंची ५-६ फूट, ऊन कितीही चालतं.

मागच्या तीन झाडांच्या मधल्या दोन मोकळ्या जागांत, टोकापासून ५ आणि १० फुटांवर, भिंतीपासून पावणेतीन फूट पुढे, निळा चित्रक. हा ३-४ फूट पसरतो, फांद्या कमानीसारख्या झुकतात आणि फिकट निळी फुलं उन्हात डोळ्यांना गारवा देतात. फेब्रुवारीत एकदा जमिनीपासून फूटभर ठेवून कापला की वर्षभर बघायला नको. कापायचं विसरलात तर मधून पोकळ आणि कडेला पसरट होतो, मरत मात्र नाही. फुलांखालचे हिरवे कोष चिकट असतात, कपड्यांना लागतात. म्हणून पायवाटेच्या अगदी कडेला नको.

पुढच्या कडेला ऱ्हिओ आणि रेन लिली. ऱ्हिओची जांभळ्या पोटाची ८ रोपं फूट-फूट अंतरावर. उरलेल्या ७ फुटांत रेन लिलीचे कंद, पाच-पाचचे ७ पुंजके, म्हणजे ३५ कंद, दोन इंच खोल. पहिला मोठा पाऊस झाला की चार-पाच दिवसांत गुलाबी फुलं वर येतात. उन्हाळ्यात पात वाळली तरी घाबरू नका, कंद खाली जिवंत असतो. ऱ्हिओच्या रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेवढं लक्षात ठेवा.

एवढंच. पाच जाती. सहावी आणावीशी वाटली की आधी पाचांतली कुठली काढणार ते ठरवा. एका जागी १५ जाती म्हणजे १५ प्रकारची पाण्याची गरज आणि १५ प्रकारच्या किडी.

गेटच्या खांबाजवळ मात्र तीन फुटांपेक्षा उंच काही नको. गाडी बाहेर काढताना रस्त्यावरून येणारी दुचाकी दिसली पाहिजे. त्या टोकाला साध्या तगरीऐवजी बुटकी तगर लावा. ड्रेनेजचं चेंबर आणि पाण्याचा मीटर यांच्याभोवती दोन फूट मोकळे ठेवा, तिथे फार तर ऱ्हिओ.

वाफा उत्तरेला असेल तर गणित वेगळं. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो. म्हणजे २० फूट उंच घराची सावली उत्तरेला १८ फूट पडते. तुमचा उत्तरेचा वाफा थंडीभर सावलीत असतो आणि मे-जूनमध्ये मात्र भर दुपारचं ऊन खातो. तिथे तगर लांबुडकी होते आणि फुलं कमी. स्पायडर लिली, स्नेक प्लांट आणि ऱ्हिओ ही तिथली माणसं. स्पायडर लिलीवर पावसाळ्यात काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या येतात आणि दोन दिवसांत पूर्ण गड्डा बोडका करतात. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. उशीर झालाच तरी कंद पुन्हा फुटतो.

काय लावू नये, तेही थोडक्यात. बोगनवेल दुभाजकावर ठीक, चार फुटी वाफ्यात तिचे काटे पाहुण्यांच्या बाह्यांत. वेडेलिया आणि घाणेरी ही दोन्ही जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परकीय जातींच्या यादीत आहेत, आणि वेडेलिया तर जिथे कांडं टेकेल तिथे मूळ धरते. फायकस कुठलाही नको, मुळं भिंत उचलतात. कुंती सुंदर, पण शेजारी कागदी लिंबू असेल तर लिंबाच्या सिला किडीला ती आवडतं घर पुरवते. ऑफिस टाइम (पोर्टुलाका) पावसात वितळतो. संकरित सदाफुलीही काळ्या मातीत जुलैमध्ये बुडाशी काळी पडून मरते, तर जुनी गुलाबी-पांढरी सदाफुली फरशीच्या फटीतही आपोआप उगवते. ती विकत घ्यायची नसते, शेजारून बी आणायचं.

आणि जास्वंद? गावठी लाल एक झाड परसदारी ठेवा. दर्शनी वाफ्यात नको, कारण पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला शेंड्याशेंड्यांवर नेऊन वसवतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरमागे ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि १ मिलि द्रवरूप साबण, संध्याकाळी, दर सात दिवसांनी तीनदा. हे वर्षातून तीन-चार वेळा करावं लागत असेल तर ते झाड कमी कष्टांचं म्हणता येणार नाही.

लावणी

लावायचं जूनच्या शेवटी, दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन फूटभर भिजली की. मे महिन्यात लावलेलं रोप जगवायला दिवसातून दोनदा पाणी लागतं. फुलांनी लगडलेलं मोठं झाड घेऊ नका. फूट-दीड फुटाचं, बुडापासून फांद्या असलेलं घ्या. पानं उलटून खाली कीड नाही ना ते बघा. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील तर ते पिशवीत फार दिवस राहिलंय.

आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येणारी रोपं बहुधा घट्ट लाल चिकणमातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा तसाच पुरला तर आजूबाजूची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, असं होतं. वरून रोज पाणी जातं आणि झाड सुकतं, माणूस अजून पाणी घालतो. म्हणून पिशवी कापण्याआधी गोळा २० मिनिटं बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, बाहेरची बोटभर माती हाताने मोकळी करा. मुळं गोल फिरलेली असतील तर ब्लेडने दोन-तीन उभे काप द्या. खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद, पण तेवढाच खोल. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीपेक्षा इंचभर वरच राहू द्या, नंतर बसतं. खोडाभोवती माती चढवली की पावसाळ्यात साल कुजते.

पावसाळ्यात आळं करू नका, असेल तर एका बाजूने फोडा. ऑक्टोबरात ते परत बांधा, खोडापासून फूटभर लांब. आणि मग वरून तीन इंच पाचोळा किंवा उसाचं पाचट, खोडापासून चार बोटं आणि घराच्या भिंतीपासून दीड फूट दूर. भिंतीला टेकलेलं पाचट म्हणजे वाळवीला आमंत्रण. काळ्या कापडावर पांढरे गोटे टाकण्याची फॅशन पश्चिमेच्या वाफ्यात तरी टाळा. गोटे तापतात, पानगळ त्यांच्यात अडकून कुजते, वर धूळ बसते, आणि दोन वर्षांत त्या कापडावरच हरळी रुजते. उपटायला गेलं की कापड फाटतं.

पाण्याला ठिबक घालणार असाल तर १६ मिमी नळी, मोठ्या तीन झाडांना ताशी ४ लिटरचे दोन-दोन ड्रिपर, चित्रकाला एक-एक, मिळून ८. ऱ्हिओला आठवड्यातून दोनदा झारीने. बोअरचं पाणी जड असतं, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खडा धरतो. महिन्यातून एकदा नळीच्या टोकाची एंड कॅप काढून दोन मिनिटं पाणी वाहू द्या आणि फिल्टर धुवा. बहुतेक ठिबक संच यापायीच दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडलेले असतात, आणि ते कळतं झाड वाळल्यावर.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरात दर तिसऱ्या दिवशी मोठ्या झाडाला ५ लिटर, थंडीत आठवड्याला एकदा, मार्च ते मे आठवड्यातून दोनदा ८ ते १० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा १२ ते १५ लिटर, तिसऱ्यापासून १० दिवसांनी. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं. बोट तीन इंच खुपसा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

खत जूनमध्ये दर झाडाला २ किलो कंपोस्ट, ऑक्टोबरात १ किलो. पावसाळ्यात तगरीची किंवा कण्हेरीची पानं एका रात्रीत कडेने खाल्लेली दिसली, खाली काळसर गोळ्या पडलेल्या दिसल्या, तर वर बघा. हिरवीगार, डोक्याजवळ डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेली बोटभर जाड अळी असेल. मोठ्या पतंगाची अळी आहे ती, औषध मारण्याचं कारण नाही. एक-दोनच असतात. काडीने उचलून दूर टाका, पानं महिन्याभरात परत येतात. कण्हेरीच्या शेंड्यावर पिवळा मावा दिसला तर तेवढा शेंडा खुडून टाका.